दादरच्या बाकड्यावरची दहा मिनिटं
सकाळी लोकलमध्ये कुर्ला गेलं आणि छाती अशी धडधडायला लागली की वाटलं संपलं आता, हात मुंग्या येऊन बधिर, एका काकूंनी हाताला धरून दादरला उतरवलं, पाणी पाजलं, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं गायब! ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक, अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका. मी म्हटलं म्हणजे डिप्रेशन ना? (आपल्याकडे सगळ्यालाच डिप्रेशन म्हणतात.) तर नाही, डिप्रेशनमध्ये किमान 2 आठवडे जवळपास रोजच मन उदास किंवा कशातच रस नाही असं असतं. आणि 6 महिने बहुतेक दिवस सगळ्याचीच काळजी, ती आवरतच नाही, ती वेगळी ॲंग्झायटी. मला लगेच आई आठवली. एका अटॅकने पॅनिक डिसऑर्डर (असे अटॅक पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) ठरत नाही म्हणे, पण पुढच्याची धास्ती महिनाभर राहिली तर या. उद्या परत तीच लोकल आहे, बघू.