ज्ञानेश्वरीच्या मागचं गणित

दहावीच्या गणित भाग 2 चं पुस्तक पहिल्यांदा ज्ञानेश्वरीच्या मागे सापडलं तेव्हा मी शिपाईमामांवर चिडले. झाडताना काहीही कुठंही खुपसतात, असं मी मनात म्हणाले. पुस्तक जागेवर नेऊन ठेवलं. दोन दिवसांनी ते परत ज्ञानेश्वरीच्या मागे.

पंचवटीकडच्या एका माध्यमिक शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. एकोणीस वर्षं झाली. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा, पुस्तकं मात्र पूर्ण, सात हजार चारशेच्या वर. शाळेचा पट हजाराच्या वर गेला तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशेच्या वर असला तर अर्धवेळ. आमचा पट हजाराच्या काठावर लोंबकळत असतो, आणि संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेची पदं ठरवण्याच्या, वेळी नेमका अलीकडे असतो. साडेदहाला कुलूप काढायचं, दीडला लावायचं. मधल्या तीन तासांत देवघेव, फाटक्या पुस्तकांची डागडुजी, वाळवी, आणि कुठले सर रजेवर असले की "पाठवा ग्रंथालयात" म्हणून येणारी साठ पोरं. त्यांना पुस्तकं द्यायची नसतात, गप्प बसवायचं असतं.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान आहे. मी आले तेव्हा पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली होती. खरंच, उंचीप्रमाणे. शब्दकोशाशेजारी आरोग्यगीता, कारण दोन्ही जाडजूड. दोन दिवाळीच्या सुट्ट्या आणि एक अख्खा मे महिना घालवून मी सगळी पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन, लावली. मेल्व्हिल ड्यूईनं 1876 साली काढलेली ही पद्धत अमेरिकेच्या सोयीची. तिच्यात ख्रिस्ती धर्माला 220 पासून 280 पर्यंतचा प्रशस्त वाडा आणि हिंदू धर्माला 294.5 ही एक खोली. अख्खं मराठी साहित्य 891.46 मध्ये दाटीवाटीनं. ज्ञानेश्वरी 294.5 मध्ये ठेवायची की 891.461 मध्ये, मराठी कवितेत, यावर मी स्वतःशीच आठवडाभर भांडले. शेवटी धर्मात ठेवली, कारण देणगीत आलेले ते जाड बांधणीचे खंड कवितेच्या कप्प्यात मावेनात. धर्माचं कपाट आहे कोपऱ्यात. 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी आमच्या आवारात शिरलं, तेव्हापासून मी कुठल्याच कपाटाचा खालचा कप्पा वापरत नाही. त्यामुळे धर्म आणखी वर गेला. तिथं हात पोचायला स्टूल लागतं. म्हणजे तिथं कुणीही जात नाही.

तर हे पुस्तक. दहावीच्या प्रत्येक विषयाची एक संदर्भ प्रत मी ठेवते, पाठीवर लाल पट्टी चिकटवून. ती घरी द्यायची नाही, इथं बसून वाचायची. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारकडून फुकट मिळतात, नववीपासून विकत घ्यावी लागतात. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आमची पुस्तकपेढी आहे. पास झालेल्यांनी परत केलेले संच जूनमध्ये द्यायचे, परीक्षा झाली की परत घ्यायचे.

तिसऱ्यांदा तेच पुस्तक तिथंच सापडलं तेव्हा मी ते उघडून पाहिलं. आत खूण म्हणून सिटीलिंकचं, म्हणजे शहर बसचं, तिकीट होतं, म्हसरूळ ते निमाणी. वर्तुळाच्या धड्यात. मी पुस्तक होतं तिथंच ठेवलं. पुढच्या आठवड्यात तिकीट भौमितिक रचनेत. मग निर्देशक भूमितीत. तिकिटं बदलत होती, छपाई पुसट होत जाणारी ती पातळ तिकिटं, पण मुक्काम पुढे सरकत होता. एव्हाना डिसेंबर संपत आला होता. खोडी काढणारं पोर धडे ओळीनं करत नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी काय केलं, तर पाळत ठेवली. चोर पकडायचा म्हणून. हे कबूल केलेलं बरं.

जानेवारीतला शनिवार होता. नाशिकची थंडी. सव्वाच्या सुमाराला मी मुद्दाम मागच्या दारानं आले. स्टुलावर एक मुलगी उभी. जांभळा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत विरलेल्या. एका हातानं ज्ञानेश्वरीचा खंड अलगद पुढे ओढलेला, दुसऱ्या हातात लाल पट्टीचं पुस्तक.

"काय चाललंय गं?"

ती दचकली, पण पुस्तक पडू दिलं नाही. खाली उतरली. "मॅडम, चोरत नव्हते. घरी नव्हते नेत."

"मग लपवतेस कशाला?"

"टेबलावर ठेवलं की ब तुकडीतली मुलं घेतात. मग मला मिळत नाही." जरा थांबून म्हणाली, "तिथं कुणी हात लावत नाही."

माझ्या एकोणीस वर्षांच्या वर्गीकरणाची इतकी नेमकी समीक्षा आजवर कुणी केलेली नाही.

सकाळच्या सत्राची शाळा साडेबाराला सुटते. ही पोरगी त्यानंतर दीडपर्यंत रोज कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. मी तिला पाहत होते, पण बघितलं नव्हतं. आवाज न करणारी मुलं ग्रंथपालाला दिसतच नाहीत, आम्ही फक्त गोंगाट मोजतो.

मी जरा घुश्शातच विचारलं, "पुस्तकपेढीतून संच का नाही घेतलास जूनमध्ये?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. उद्धटपणे नव्हे. "आले होते मॅडम. तुम्ही म्हणालात सही आणा."

मला आठवेना. तिला बसवलं आणि फाईल काढली. माझ्या फायली चोख असतात, अख्खी शाळा त्याची थट्टा करते. 'अपूर्ण अर्ज' असं लिहिलेली निळी फाईल. चौथा अर्ज तिचा. पालकाच्या सहीच्या चौकटीत जांभळ्या शाईचा अंगठा, जरा फिसकटलेला. शेजारी माझ्याच अक्षरात, लाल पेननं: 'अपूर्ण. पालकांची सही नाही.'

तो अर्ज मीच तयार केलेला. त्याला कारण आहे. पुस्तक हरवलं की वसुली कुणाकडून, हा प्रश्न शाळेत नेहमी ग्रंथपालाकडेच येऊन थांबतो. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत चक्क लिहिलंय, की वर्षाला हजार पुस्तकांच्या वापरामागे पाच पुस्तकं गहाळ झाली तर ते रास्त धरावं, निष्काळजीपणा किंवा लबाडी नसेल तर. हा नियम मी एकदा लेखापरीक्षणाच्या वेळी दाखवला. साहेब म्हणाले, "तो केंद्राचा. आपली संस्था वेगळी." तीन पुस्तकांचे पैसे मी भरले. त्याच वर्षी एका अंगठ्यावरही शेरा आला होता: साक्षीदार नाही. त्यानंतर मी अर्ज असा घट्ट केला. दोनशे रुपये अनामत, पालकांची सही, वर्गशिक्षकांची सही. तेव्हापासून माझ्यावर एकही शेरा नाही. राज्यातल्या कितीतरी शाळांत पुस्तकं काचेआड कुलपात का असतात, असं लोक विचारतात आणि ग्रंथपालांना नावं ठेवतात. पगारातून पुस्तकाचे पैसे एकदा भरून बघावेत.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार होते? "आई सही करत नाही का?" एवढंच विचारलं.

"येत नाही तिला." मग म्हणाली, "मी करायला सांगितली होती, वळण काढून दिलं होतं. तिला लाज वाटली. म्हणाली अंगठा खरा असतो."

आई पहाटे पिकअपमधून दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जाते, अंधार पडल्यावर येते. हे तिनं सहज सांगितलं, दुसरं काही सांगता सांगता. कीव मागायची म्हणून नाही.

मला एकदम उदार व्हावंसं वाटलं. नियम मोडून म्हटलं, "हे घे, संदर्भ प्रत ने घरी. परीक्षा होईपर्यंत ठेव. मी बघून घेते."

ती म्हणाली, "नको."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"घरी एकच खोली आहे मॅडम. टीव्ही चालू असतो, लहान भाऊ पानं फाडतो. इथं होतं माझं. तुम्ही फक्त," ती चाचरली, "तुम्ही आधी ते परत जागेवर ठेवायचात ना, तेवढं नका करू."

म्हणजे तिला माहीत होतं. मी इतके दिवस तिच्यावर पाळत ठेवत होते, ती माझ्यावर.

ग्रंथालयशास्त्राची पदवी मी मुक्त विद्यापीठातून घेतली, नोकरी सांभाळून. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांची 1931 सालची पाच सूत्रं परीक्षेत घडाघडा लिहिली होती. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. दर 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, मी ती फळ्यावर रंगीत खडूनं लिहिते. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. सगळी शाळा मैदानात पुस्तक उघडून बसते, फोटो निघतात, अहवाल जातो. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या गावाला शोभेल अशी ग्रंथदिंडी. 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे त्या शहराला हे सगळं छान जमतं. मीही पालखीपुढे उत्साहानं चालते. त्या दिंडीत ही मुलगी गेल्या वर्षी होती का, मला सांगता येणार नाही.

दीड वाजला. मामा किल्ल्या वाजवत दारात उभे. मी म्हटलं, "मामा, जरा चहा घेऊन या. दोन." ते आले तेव्हा दोन वाजून गेले होते. तिनं त्रिकोणमितीची तीन गणितं सोडवली, एकात मला विचारलं, मला आलं नाही. चहा मात्र प्यायली. मग स्टुलावर चढून पुस्तक ज्ञानेश्वरीच्या मागे ठेवलं आणि खंड सरळ केला, धूळसुद्धा पुसली.

मी दाखल नोंदवही काढली आणि त्या प्रतीच्या शेऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलं: 294.5. ज्या बाईनं उंचीची शिस्त मोडून दशांश आणला, तिनं जाणूनबुजून चुकीच्या जागी लावलेलं हे पहिलं पुस्तक. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मी रोज दोनला कुलूप लावलं. मस्टरवर दीडच लिहिलं. सोबतच्या एका मॅडमनी विचारलं, "अर्ध्या पगारात जास्त कशाला राबता? सवय लागेल त्यांना." 'त्यांना' म्हणजे मुलांना की संस्थेला, ते मी विचारलं नाही.

तिची परीक्षा झाली. पुस्तक अजून तिथंच आहे, तिकीट महत्त्वमापनाच्या धड्यात. एप्रिलच्या मोजणीत मदतीला आलेल्या शिक्षिकेनं ते 'चुकीच्या जागी' म्हणून बाजूला काढलं. मी परत ठेवलं.

आता जून जवळ आलाय. नव्या अर्जात अंगठ्याची चौकट आणि साक्षीदार म्हणून ग्रंथपालाची सही, असा मसुदा मी मुख्याध्यापकांकडे दिला. लेखापरीक्षण होऊ दे, मग बघू, म्हणालेत. निळी फाईल टेबलावरच आहे. त्यात तिचा धरून अकरा अर्ज आहेत, अकराही माझ्या अक्षरात अपूर्ण. परवा मी ती नावं देवघेव नोंदवहीत शोधली. तिच्यासारखी आणखी एकच मुलगी वर्षभरात ग्रंथालयात आलेली दिसते. उरलेल्या नऊ जणांची एकही नोंद नाही. त्यातल्या दोघांचं नाव हजेरीपटावरही नाही, वर्गशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, दिवाळीनंतर यायचेच बंद झाले.