पांढऱ्या बॉनेटवरचे नारिंगी ठिपके

दसऱ्याला चार दिवस होते. चुनाभट्टीच्या आमच्या शेडमध्ये पाच वर्षं जुनी पांढरी हॅचबॅक आली आणि तिच्यासोबत एका पेंटरने लिहून दिलेलं एस्टिमेट. बॉनेट, टप आणि उजव्या बाजूचे दोन्ही दरवाजे घासून नव्याने रंगवायचे. कारण एका ओळीत लिहिलेलं: पत्र्याला गंज.

गाडीच्या मालकीणबाईंनी एकच प्रश्न विचारला. "दादा, पाच वर्षांत असा सगळीकडून पत्रा गंजतो का हो?"

नाही गंजत. पत्रा आतून गंजतो तेव्हा त्याच्या जागा ठरलेल्या असतात. दरवाजाची खालची घडी, चाकाच्या वरची कमान, दगड लागून टवका उडालेली जागा, नाहीतर वेल्डिंगचा सांधा. तिथे आधी रंग फुगतो, मग फुटतो. या गाडीवर एकही फुगवटा नव्हता. बॉनेटच्या मधोमध, सपाट जागेवर, टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके होते आणि भिंगाखाली प्रत्येकाच्या मध्यात एक काळा कण दिसत होता. वीतभर चौकोनात तीस-पस्तीस तरी. उजव्या बाजूला दाट, डाव्या बाजूला तुरळक. एका बाजूला जास्त म्हणजे काहीतरी एका दिशेने येऊन बसतंय.

"ताई, गाडी कुठे उभी करता?"

"विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मधे, सोसायटीच्या भिंतीला लागून. उजवी बाजू भिंतीकडे. भिंतीपलीकडे ट्रॅक. ठाण्याकडून येणारी स्लो कुर्ल्यात शिरायच्या आधी बरोब्बर आमच्या बिल्डिंगपाशी ब्रेक लावते."

उत्तर तिथेच मिळालं. चाक, रूळ आणि ब्रेक एकमेकांवर घासले जाताना लोखंडाचे बारीक, तापलेले कण उडतात. ते क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पडले की टोक रुतवून बसतात. उन्हाळाभर ते काळसर धुळीसारखे वाटतात, कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. पावसाळ्यात पाणी लागलं की कण गंजतो आणि नारिंगी ओघळ दिसू लागतो. म्हणून ही तक्रार हटकून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि पांढऱ्या गाडीवर आधी दिसते. काळ्या गाडीवरही तेवढेच कण असतात, फक्त दिसत नाहीत. गंजलेलं लोखंड मूळ कणापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे कण जितका जास्त काळ राहील तितका तो आजूबाजूचा क्लिअर कोट उचकटत जातो. उशीर झाला तर त्या जागी खड्डा राहतो.

कारखान्यात रंग चढतो तेव्हा वरचे थर साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजले जातात. बाहेरच्या रंगाच्या बूथमध्ये ६०-७० अंशांच्या पुढे जाता येत नाही, कारण गाडीत वायरिंग, सीट, प्लास्टिक सगळं बसवलेलं असतं. म्हणजे बाहेर चढवलेला रंग कारखान्यासारखा भाजला जात नाही. म्हणून मूळ रंग शाबूत असेल तर तो घासून काढण्यासारखी दुसरी चूक नाही, हे माझं ठाम मत आहे.

काही लावण्याआधी रंगाची जाडी मोजली. टप १०२ ते ११० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बॉनेट १०८ ते ११६, उजवे दरवाजे १०५ ते ११५. म्हणजे मूळ रंग. डावा पुढचा दरवाजा मात्र २१० ते २४०, म्हणजे कधीतरी पुन्हा रंगवलेला. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे त्यावर आमचं साधं मीटर चालत नाही, तिथे हात हलका ठेवायचा हे आधीच ठरवलं. या शंभर-एक मायक्रॉनमध्ये क्लिअर कोट असतो साधारण ३५ ते ५०. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज यावा.

काम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुरू केलं. ऑक्टोबरच्या उन्हात अकरा वाजता बॉनेटला हात लावता येत नाही आणि पुढची तिन्ही कामं थंड पत्र्यावरच होतात.

आधी धुणं. फोम मारून पाच मिनिटं थांबलो, प्रेशरने वाळू खाली काढली, मग दोन बादल्यांनी धुतलं. एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खंगाळायचं साधं पाणी. शाम्पू वॅक्स नसलेला हवा, नाहीतर तो जो थर सोडतो त्याच्यावरून पुढचं रसायन घसरतं. धुऊन झाल्यावर पिशवीची चाचणी केली. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालायची आणि ओल्या पत्र्यावरून बोटं अलगद फिरवायची. उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटतं तेच पिशवीतून सँडपेपरसारखं लागतं. ताईंना स्वतःच्या हाताने करायला लावली. धुतलेल्या बॉनेटवर हात फिरवून त्यांनी तो झटकन मागे घेतला.

इथे बहुतेकजण थेट क्ले उचलतात. माझा सगळा आग्रह आहे तो क्ले शेवटी आणण्याचा. क्ले नावापुरतीच माती. ती रबरासारख्या कृत्रिम राळेत बारीक अपघर्षक मळून केलेली असते. जपानमध्ये ती रंगकामावरचे उडालेले शिंतोडे काढायला वापरात आली आणि १९९५ साली अमेरिकेत तिचं पेटंट नोंदलं गेलं. पृष्ठभागाच्या वर आलेलं टोक ती कातरते आणि कण स्वतःत ओढून घेते. वर जे नाही त्याला ती हात लावू शकत नाही. रुतलेल्या लोखंडी कणाचं टोक क्लेने उडवलं की पत्रा हाताला गुळगुळीत लागतो, पण बूड आत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी ठिपका उगवतो. शिवाय टोकदार लोखंड क्लेत अडकून तेच पुढच्या फुटभर जागेवर रेघा ओढतं. म्हणून आधी डांबर, मग लोखंड आणि त्यानंतर जे उरेल त्याला क्ले.

डांबराचे काळे ठिपके दरवाजांच्या खालच्या भागात होते. टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन जागेवर दाबून धरला, अर्ध्या मिनिटाने डांबर सुटून आलं. ते राहिलं असतं तर क्लेने पसरून पांढऱ्या रंगावर तपकिरी पट्टा ओढला असता.

मग आयर्न रिमूव्हर. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं क्षार असतं. केस कुरळे करायच्या लोशनमध्येही हेच कूळ, म्हणूनच तो सडक्या अंड्यासारखा वास. लोखंडाशी त्याची क्रिया होऊन जांभळा, पाण्यात विरघळणारा पदार्थ तयार होतो. हातमोजे घालून, शेडचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवून, टपापासून खाली असा फवारा मारला. दोन मिनिटांत उजव्या बाजूने जांभळे ओघळ सुरू झाले. टपावर तर जांभळा पाऊस पडल्यासारखं दिसत होतं. डाव्या बाजूला जेमतेम चार-सहा रेघा. ट्रॅक कोणत्या बाजूला आहे हे गाडीनेच लिहून दाखवलं. ताईंनी फोटो काढून घेतला.

चार मिनिटांनी धुतलं. हे रसायन पत्र्यावर वाळू द्यायचं नाही, वाळलं तर डाग धरतं. पहिल्या हाताला साधारण ३०० मिली लागलं. दुसऱ्या हाताला उजवी बाजू, टप आणि बॉनेट एवढ्यालाच १५० मिली, आणि तेव्हा जांभळा रंग निम्म्याहून कमी आला. तिसरा हात मारला नाही. रंग येणं जवळजवळ थांबलं की पुढचं काम घासण्याचं असतं, अजून रसायन ओतून फायदा नसतो.

सोसायटीत गाड्या धुणाऱ्याने ताईंना संडास साफ करायचं अ‍ॅसिड लावायला सांगितलं होतं. नारिंगी डाग त्यानेही जातो, पण ते जहाल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सांध्यांत शिरतं, बिजागऱ्या आणि नट खातं, आणि मग खराखुरा गंज सुरू होतो. त्यांनी ते लावलं नाही म्हणून हे काम एका दिवसात झालं.

आता क्ले. २०० ग्रॅमच्या वडीचे चार तुकडे केले, एका वेळी ५० ग्रॅम. एक तुकडा खाली पडला तर बाकीचे तीन हातात राहावेत म्हणून. फाइन ग्रेडच घेतली. मिडियमने काम लवकर होतं, पण मागे राहिलेली धूसरता पॉलिशने काढताना वाचवलेला वेळ परत द्यावा लागतो. वंगणासाठी एक लिटर पाण्यात १० मिली शाम्पू. भांडी घासायचं लिक्विड यात घालू नये, काही क्ले त्याने भुसभुशीत होऊन तुकड्यांत सुटते.

तुकडा चपटा करून बोटांखाली धरायचा, अंगठ्याने नव्हे. अंगठ्याचा दाब एकाच जागी येतो. दोन फूट बाय दोन फुटांची जागा भरपूर ओली करायची आणि सरळ रेषेत पुढे-मागे न्यायचा, गोल फिरवायचा नाही. सरळ रेषेतला ओरखडा राहिला तर पॉलिशने लवकर जातो. दाब फक्त क्लेच्या वजनाएवढा. सुरुवातीला खर्र खर्र असा बारीक आवाज येतो आणि क्ले अडखळते. चार-पाच फेऱ्यांत आवाज थांबतो, क्ले सरकू लागते. तिथे थांबायचं. आवाज गेल्यावरही घासत राहणं म्हणजे स्वच्छ क्लिअर कोट घासणं. प्रत्येक जागेनंतर तुकडा उलटून पाहायचा, घडी घालून मळायचा, ताजी बाजू वर काढायची. बॉनेटच्या पहिल्याच जागेनंतर पांढऱ्या क्लेवर करडा थर आणि त्यात काळे टिंब दिसले. क्लेचा थर असलेल्या हातमोज्याने किंवा फडक्याने काम झटपट होतं, पण वडीवर आपण काय उचललं ते दिसतं, म्हणून अशा गाडीला मी वडीच वापरतो.

साडेदहाच्या सुमारास अडचण आली ती टपावर. शेडच्या पत्र्यावर ऊन चढलं, खालचं टप कोमट झालं आणि क्ले मऊ पडून चिकटायला लागली. वितभर लांब करडा ओशट पट्टा राहिला. असा पट्टा नखाने किंवा कोरड्या फडक्याने काढायला जाऊ नये, त्यातल्या कणांनी चरे पडतात. टार रिमूव्हरने ओला करून उचलला. वापरातला तुकडा थंड पाण्याच्या वाटीत टाकला, दुसरा काढला, टपावर पाणी मारून थंड केलं आणि जागा दीड फुटावर आणल्या. थंडीत हेच उलट होतं, क्ले कडक होते आणि कोमट पाण्यात बुडवून मळावी लागते. मुंबईत ती वेळ क्वचितच येते.

डाव्या पुढच्या दरवाजावर, जो कधीतरी रंगवलेला होता, क्लेला काहीतरी निराळंच लागलं. बारीक दाणे, पण रंगाच्या आत. बाहेर रंगवताना ओल्या क्लिअर कोटवर बसलेली धूळ होती ती. क्लेने ती जात नाही, दोन हजार नंबरच्या सँडपेपरने घासून पॉलिश करावी लागते. ताईंना दाखवलं, तसंच ठेवायचं ठरलं.

काळ्या, रंग नसलेल्या प्लास्टिक पट्ट्यांवर क्ले लावायची नाही, तिथे ती करडे डाग सोडते. मॅट रंगाला तर कधीच नाही, तो चमकतो. पुढच्या काचेला मात्र जरूर लावली, वेगळ्या तुकड्याने; वायपरची कुरकुर बऱ्याचदा काचेवरच्या चिकट थरामुळे असते. काचेच्या कडेला बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग होते, ते क्लेला हलले नाहीत. ते क्षारांचे, त्यांना काचेचं पॉलिश लागतं.

दोन तासांत दोन तुकडे संपले. पिशवीतून हात फिरवला तर बोट काचेवरून घसरावं तसं घसरलं. पण टपावर अकरा ठिपके अजून होते. टिश्यूचे छोटे तुकडे आयर्न रिमूव्हरमध्ये भिजवून त्या अकरा जागांवर ठेवले, वर प्लास्टिकचा कागद लावला म्हणजे वाळणार नाही. पाच मिनिटांनी धुतलं. चार गेले. सात ठिकाणी भिंगातून पाहिलं तर कण नव्हताच, त्याने केलेला खड्डा आणि खड्ड्यातला तपकिरी डाग उरला होता. पॉलिशने ते सपाट करायचे तर टपाचा क्लिअर कोट बराच खाली आणावा लागला असता. टपावर ऊन सगळ्यात जास्त लागतं, तिथलाच थर पातळ करणं मला पटलं नाही. सातही जागा पुसून कोरड्या केल्या आणि गाडीच्या रंगाच्या टच-अपचा काडीच्या टोकाएवढा थेंब प्रत्येकीत भरला.

क्लेने थोडी धूसरता येतेच, टॉर्च तिरका धरला की दिसते. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने डीए मशीनवर (पॅड फिरतं आणि डोलतंही असं पॉलिशचं मशीन) दोन-दोन फेऱ्या, एवढंच केलं. रंगवलेल्या दरवाजाला एकच. मग पॅनेल वाइप नावाच्या द्रावणाने पॉलिशचं तेल पुसून काढलं आणि त्याच दिवशी सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, चढवलं. क्लेनंतर रंगावर जुनं वॅक्स काहीच उरत नाही. अशी उघडी गाडी त्या भिंतीशी नेऊन लावली असती तर त्याच रात्री नवे कण थेट क्लिअर कोटवर बसले असते.

निघताना ताईंनी कव्हरबद्दल विचारलं. त्या जागी मी कव्हर सुचवलं नाही. रोज घालता-काढताना कापडावर बसलेली लोखंडी धूळ रंगावर घासली जाते आणि पावसात आत ओल कोंडते. त्याऐवजी गाडी एक आठवडा तोंड करून, एक आठवडा पाठ करून लावा म्हटलं, म्हणजे एकच बाजू मार खाणार नाही. तीन महिन्यांनी धुतल्यावर १०० मिली आयर्न रिमूव्हर टप, बॉनेट आणि भिंतीकडच्या बाजूला. क्ले मात्र पिशवी खरखरली तरच.

टपावरच्या सात जागा कागदावर चौकोन काढून, अंतरासकट त्यांना लिहून दिल्या. आठवा दिसला तर तो नवा असेल.