पाठमोरे

फेब्रुवारीतली दुपार. दुसऱ्या दिवशी जयंती, म्हणून चौकात महाराजांची आंघोळ चालली होती. नगरपालिकेचा बंब आणून लावला होता आणि शिडीवर चढलेला एक माणूस खराट्याने वर्षभराची कावळ्यांची घाण काढत होता. चेहरा, छाती, तलवारीचा हात, घोड्याचं तोंड, आयाळ, सगळं मन लावून घासलं. मग तो उतरला, शिडी आडवी केली आणि तंबाखू मळायला बसला.

मी मागच्या बाजूच्या टपरीवर चहा पीत होतो. राहवलं नाही. म्हटलं, ‘‘मागचं राहिलं की.’’

‘‘मागनं कोन बघतंय?’’ तो म्हणाला. चिमूट ओठात सरकवली आणि विषय संपला.

पुढच्या महिन्यात तिथीची जयंती, तेव्हा दुसरी आंघोळ. वर्षातून दोन, त्याही निम्म्याच.

आता मागनं कोण बघतं, याचं उत्तर मी त्याला देऊ शकलो असतो. आमचं सगळं बालपण पुतळ्याच्या मागे गेलं. शब्दशः. पत्रिकेवरही पत्ता तसाच छापायचे, ‘शिवाजी पुतळ्यामागे’, खाली तालुका, जिल्हा. माडीच्या खिडकीतून दिसायची ती महाराजांची पाठ, पाठीवरची ढाल, घोड्याचे पुठ्ठे आणि शेपटी. पुढून महाराज कसे दिसतात हे पाहायला रस्ता ओलांडून बाजारपेठेच्या बाजूला जावं लागे, आणि तिकडे आमचं काम नसे. चित्रकलेच्या तासाला ‘आपल्या गावातील चौक’ काढायला सांगितला तेव्हा मी निम्म्या वर्गाला ओळखू न येणारा पुतळा काढला होता.

त्या खिडकीत बसून मला एक कोडं पडलं होतं. घोडा पुढचे दोन्ही पाय उधळून उभा, पण त्याची शेपटी थेट चौथऱ्याला टेकलेली. नुसती टेकलेली नाही, चिकटलेलीच. पुढून बघणाऱ्याला हे कधी दिसत नाही. त्याला दिसतो उधळलेला घोडा, आणि मला दिसायचा शेपटीवर बसलेला. पुष्कळ वर्षांनी एका मूर्तिकाराकडून कळलं की ती शेपटी नसून तिसरा पाय आहे. एवढं धूड मागच्या दोन पायांवर तोलून धरता येत नाही, म्हणून शेपटीच्या पोटात लोखंड घालून ती खाली नेतात. माद्रिदमध्ये चौथ्या फिलिप राजाचा 1640 सालचा पुतळा आहे, तिथेही उधळलेल्या घोड्याची शेपटी हेच काम करते. त्या तोलाच्या हिशेबात गॅलिलिओने सल्ला दिला होता असं सांगतात. आमच्या गावच्या शेपटीत कोणाचा हिशेब होता कोण जाणे, पण अजून उभी आहे.

जाता जाता, दोन पाय वर म्हणजे लढाईत मरण, एक पाय वर म्हणजे जखमा होऊन मरण, हा जो मेसेज दर जयंतीला फिरतो तो कृपा करून पुढे पाठवू नका. महाराज 1680 साली रायगडावर आजारपणात गेले. गावोगावचे घोडे तरीही खुशाल दोन पाय उधळून उभे आहेत, आणि त्यांनी तसंच उभं राहावं.

काकांचं घराखाली दुकान होतं. ते चालत नसे. काकांनी त्याचं खापर पुतळ्यावर फोडलं होतं. ‘‘महाराजांनी आपल्याकडं पाठ फिरवलीय, गिऱ्हाईक कसं येणार?’’ आजी म्हणायची, ‘‘पाठ कुठं रे, पुढं उभं ऱ्हायलेत ते आपल्या.’’ काकांना हे पटायचं नाही, कारण समोरच्या बाजूच्या कापडदुकानाला गर्दी असायची. ते कापड चांगलं ठेवत, हे कारण आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही.

तेव्हापासून ही खोड लागली ती लागलीच. कुठल्याही गावी गेलो की एस.टी. स्टँडवरून पहिला पुतळा गाठायचा आणि मागे जाऊन उभं राहायचं. माझं मत असं की मूर्तिकार पाठीत कळतो. पुढून सगळ्यांनाच जमवावं लागतं. तिथे फोटो असतो, समिती असते, कला संचालनालयाची मान्यता असते, आणि ‘नाक जरा जास्त झालंय’ म्हणणारे सदस्य असतात. हे लोक मातीचं मॉडेल बघायला जातात तेव्हा मागे जातात का, याची मला फार उत्सुकता आहे.

बाबासाहेबांचा पुतळा घ्या. एक हात वर, बोट पुढे, दुसऱ्या हातात संविधान. हात वर केला की कोट त्या बाजूने उचलला जातो. खांद्यापाशी कापड गोळा होतं, काखेतून कमरेकडे एक तिरकी चुणी येते आणि कोटाची खालची कड त्या बाजूला बोटभर वर जाते. आरशासमोर उभं राहून बघा. चांगल्या मूर्तिकाराने ही चुणी पाठीवर आणलेली असते. घाईत ओतलेल्या फायबरच्या पुतळ्यात हात वर आणि पाठ मात्र इस्त्रीची, जणू हात मागाहून आणून जोडला. गांधीजी मागून सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. कपडा असा नाहीच, त्यामुळे लपवायला जागा नाही. पोटऱ्या चालणाऱ्या माणसाच्या वाटल्या तर पुतळा जमला, नाहीतर काठी घेऊन कोणीतरी उभं आहे, एवढंच. सावित्रीबाईंच्या पदरावर मात्र अनेकांनी मेहनत घेतलेली दिसते. टिळकांचं उपरणंही बहुतेक ठिकाणी बरं पडतं.

अर्धपुतळ्यांना तशी पाठ नसतेच, खांद्यांमागे काम आटोपलेलं असतं. कोल्हापूरच्या बिंदू चौकात फुले आणि आंबेडकर असे दोन अर्धपुतळे आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी बसवलेले. म्हणजे बाबासाहेब हयात असताना! त्या एका तारखेपुढे मी माझी खोड गुंडाळून ठेवतो आणि पुढूनच बघतो.

पाठीचा माझा सर्वांत आवडता माणूस म्हणजे शिल्पकार नानासाहेब करमरकर. पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी केलेला, 1928 सालचा. कल्पना शाहू महाराजांची, पण तो पुरा झालेला बघायला ते राहिले नव्हते. साडेतेरा फुटांचा, काही टनांचा हा पुतळा मुंबईत माझगावला एकसंध ओतला आणि रेल्वेने पुण्याला नेला. बोरघाटातल्या बोगद्यांतून महाराज वॅगनवर चालले आहेत, हे चित्र मी मनात अनेकदा काढलं आहे, आणि माझ्या त्या चित्रात गार्डाच्या डब्यातून अर्थात पाठच दिसते. या घोड्याचं मागचं अंग बघत मी उभा राहिलो की मला घड्याळ कळत नाही. मांडीचे स्नायू कुठे ताणले आहेत आणि कुठे सैल सोडले आहेत ते बघा. ज्याने हे केलं त्याला माहीत होतं की कोणीतरी मागून येणार आहे.

अलिबागजवळ सासवण्याला त्यांचं घर आहे, आता संग्रहालय. तिथे एक सिमेंटची म्हैस आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आहे. माकडहाडाचा उंचवटा, त्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे, बसलेल्या म्हशीचं पोट एका अंगाला कलंडतं ते कलंडणं. म्हैस कोणी चौकात उभारत नाही, तिच्यासाठी वर्गणी निघत नाही, मान्यता घ्यावी लागत नाही. म्हणूनच बहुधा तिला चारही बाजूंनी सारखा न्याय मिळाला.

याच करमरकरांची सुरुवात मात्र भिंतीवरची. पोरवयात गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं, आणि त्या साहेबाने या मुलाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. आज एखाद्या पोराने देवळाची भिंत रंगवली तर आधी बदडतील, मग चित्र बघतील.

भिंतीवरच्या चित्रांना पाठ नसते, ही माझी त्यांच्याबद्दलची तक्रार. तरी आमच्या स्टँडच्या भिंतीवर राज्याभिषेकाचं चित्र होतं, त्याला पाठ होती. भिंतीच्या पलीकडे स्वच्छतागृह होतं. दर पावसाळ्यात पलीकडची ओल अलीकडे यायची आणि दरबारातला एकेक सरदार फुगून गळून पडायचा. पेंटर येऊन दिवाळीपर्यंत नवा सरदार बसवायचा, मिशा दर वर्षी वेगळ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘बोलक्या भिंती’ आल्या तेव्हा हृदयाचा उभा छेद नेमका पावसाच्या पाइपावर आला होता, आणि आमच्या पिढीतल्या पुष्कळांना महारोहिणी ही पीव्हीसीची असते असं वाटत राहिलं. पुढे ग्रामस्वच्छता अभियान आलं, गाडगेबाबा खराट्यासह प्रत्येक भिंतीवर आले. त्यावर आता स्वच्छ सर्वेक्षणाचे मोर आणि देवमासे. आमच्या तालुक्याला समुद्र तीनशे किलोमीटरवर, पण देवमासा आहे. बरा काढलाय.

मुंबईत चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर एदुआर्दो कोब्रा या ब्राझीलच्या चित्रकाराने 2018 मध्ये रंगीबेरंगी गांधीजी काढले. मोठे, देखणे आहेत. मी ते बघतो आणि फोर्टात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीकडे चालू लागतो. 1936 ची इमारत, तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसऱ्यांची उठावशिल्पं आहेत. ही माणसं दगडातून निम्मी बाहेर आली आहेत, उरलेली निम्मी आत. त्यांची पाठ आतल्या बाजूला विम्याच्या फायली सांभाळत असेल, अशी मी समजूत करून घेतली आहे.

आणि मुंबईचा तो काळा घोडा. सातव्या एडवर्डचा, प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा. ससूनशेठने शहराला दिलेला हा पुतळा 1965 मध्ये तिथून हलवला. तरी लोक ‘काळा घोडा’च म्हणत राहिले. पन्नासहून जास्त वर्षं तिथे घोडा नव्हता, नुसता पत्ता होता. मग 2017 मध्ये नवा घोडा आणला, स्वाराशिवाय. पाठ मोकळी. मला हे फार आवडलं. घोड्याच्या पाठीवर काय असावं याचा वाद नको म्हणून काहीच नको, इतका समंजस तोडगा आपल्याकडे सहसा निघत नाही. जुना साहेब त्याच्या घोड्यासकट राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात आहे. त्या बाजूला असे पदच्युत साहेब आणखीही आहेत. तिथे ना हार, ना बंदोबस्त. कितीही वेळ मागे उभे राहा, कोणी हटकत नाही.

तेवढ्यासाठीच ती जागा सांगितली. कारण आता इतरत्र मागे उभं राहणं अवघड होत चाललं आहे. पुतळ्यांभोवती रेलिंग आलं, मग जाळी आली, मग कॅमेरे आले. मध्यंतरी एका गावी, कुठल्या ते सांगत नाही, चौकातल्या पुतळ्याचा मागून फोटो काढत होतो. पाठीवरचं काम खरोखर चांगलं होतं. दोन पोरं आली.

‘‘काय चाललंय?’’

‘‘फोटो काढतोय.’’

‘‘मागनं?’’

‘‘काम चांगलंय मागचं.’’

‘‘फोटो म्होरनं काढायचा असतो. मागनं कशापायी? काय लिवणार हाय त्येच्यावर?’’

काही लिहिणार नाही म्हटलं. मोबाइल पुढे केला, फोटो दाखवले. त्यांतला एक सगळे फोटो सरकवत गेला. पाठीच पाठी. त्याचा चेहरा काही निवळेना.

‘‘नाव काय तुमचं?’’

नाव सांगितलं.

‘‘आडनाव?’’

तेही सांगितलं. पोरं सैलावली. आधी म्हणायचं ना काका, म्हणाली. मोबाइल परत दिला, चहा घ्यायला लावला, मूर्तिकार कोण, खर्च किती आला, वर्गणी कशी गोळा केली, सगळं हौसेने सांगितलं. पैसे मला देऊ दिले नाहीत. आडनाव दुसरं असतं तर हा चहा मिळाला असता का, हे त्यांना विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. चहा संपवला आणि साडेचारची गाडी धरली.