दोन रांगा, एक कठडा

ख्रिस्ती मंडळीत फूट असली की ती प्रभुभोजनाच्या टेबलापाशी उघडी पडते, म्हणजे येशूच्या शरीराची आणि रक्ताची खूण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतो तिथे. त्या रविवारी ती पडली, आणि तशी सोय मीच, त्यांच्या पाळकाने, करून दिली होती.

रस एका प्याल्यातून घ्यायचा की छोट्या कपांतून, हा पेच नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांना नवा नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ मध्ये आलं. त्या वळणाच्या घराण्यांत बाकावर बसून छोट्या कपांतून द्राक्षरस घ्यायची रीत. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाची घराणी वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकतात आणि सगळ्यांचा प्याला एकच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झाली, पण ज्याची रीत त्याच्या घरात तशीच राहिली. कोविडमध्ये प्याला बंद झाला. तो परत यावा की नाही, यावर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीच्या दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी मी सुचवलं: उजवीकडची रांग प्याल्याची, डावीकडची कपांची. पाच मिनिटांत ठराव मंजूर झाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तयारीत कसूर नव्हती. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, मंद आचेवर उकळून, दोनदा गाळलेला रस. एका कपात १० मिलिलिटर, म्हणजे १६० जणांना १.६ लिटर, सांडलवंडीसाठी थोडा जास्त. कप काठोकाठ भरले की थरथरत्या हातांतून रस ट्रेमध्ये सांडतो, कपांचे बूड चिकटतात आणि एक उचलताना दुसरा कलंडतो. प्याल्याचं काम वेगळं: प्रत्येकानंतर कड आतून-बाहेरून पुसायची, प्याला थोडा फिरवायचा, आणि रुमाल ओला झाला की लगेच बदलायचा. रुमाल वेळेवर बदलत नाहीत म्हणूनच लोकांना किळस येते, त्यात श्रद्धेचा काही दोष नाही.

रांगा लागल्या आणि मला समोर दोन मंडळ्या दिसल्या. जमिनीच्या वादामुळे न बोलणारे दोन चुलतभाऊ दोन रांगांत उभे राहिले. त्यांना आता एकमेकांकडे बघायचीही गरज उरली नाही. एक सून डावीकडे वळली, तशी उजवीकडच्या सासूबाईंनी मान फिरवली. बायबलमधल्या पत्रात पौलाने करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांसाठी थांबायला सांगितलं होतं. मी त्यांना न थांबण्याची वाट आखून दिली.

उपासनेनंतर वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, आणखी एक गोष्ट घडली. उरलेल्या रसाचे कप सेवकाने नळाखाली धरले. छोट्या कपांच्या रीतीत त्याला कुणी चुकीचं म्हणत नाही. दारात प्याल्याच्या घरातल्या एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, प्रभूचं रगत मोरीत?" त्या हळू बोलल्या, म्हणून ते जास्त लागलं. दोन बैठकांत आम्ही घ्यायचं कसं एवढंच बोललो होतो. उरलेल्याचं काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. तो प्रश्न माझा होता.

पुढच्या महिन्यात रांगा बंद केल्या. आता कठडा एकच. बाकांच्या क्रमाने १४ जण येतात. भाकर सगळ्यांना एकाच पावातून. मग प्याला आणि ट्रे एकामागून एक सगळ्यांसमोरून जातात. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा, पण शेवटच्याला मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. १६० जणांच्या १२ फेऱ्या होतात, फेरीला तीन मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटं. वेळेची कुरकुर अजून चालू आहे आणि ती मला मान्य नाही. उरलेला रस आम्ही वेस्ट्रीत पिऊन संपवतो. कप आधी पाण्याने विसळतो आणि ते पाणी आवारातल्या झाडाच्या मुळाशी ओततो. कपांच्या घरांनी याला हरकत घेतली नाही, हे त्यांचं मोठेपण.

चुलतभाऊ दोन वेळा शेजारी-शेजारी गुडघे टेकले, बाकांचा क्रमच तसा आहे. अजून ते बोलत नाहीत. आजी कठड्याशी येतात, भाकर घेतात. प्याला समोर आला की मान खाली घालतात आणि तो पुढे जाऊ देतात. मी थांबतो, त्या वर बघत नाहीत.