डोंगरमाथ्यावरच्या जंगलातली माती

आज दिवसभर उंचावरच्या पठारावर जंगलात होतो, खड्डा खणून माती बघायची होती आणि अजून नखांतली चिकणमाती निघालेली नाही. वरचा पालापाचोळा बाजूला केला की खाली काळीभोर भुसभुशीत माती, वास तर असा की हात धुवावेसे वाटत नाहीत. उंचावर थंडी असते म्हणून पानं सावकाश कुजतात, त्यामुळे हा काळा थर साचत जातो. त्याखाली जरा फिकट थर आणि मग एकदम कुदळ अडकायलाच लागली. तिथून खरी चिकणमाती सुरू!

म्हणजे पाऊस वरच्या थरातले ०.००२ मिमीपेक्षाही बारीक कण वर्षानुवर्षं खाली नेत राहतो आणि ते तिथे जाऊन बसतात. एक ढेकूळ फोडून उन्हात धरलं तर त्याच्या बाजूंवर मेणासारखी चकाकी दिसली, ती या कणांचीच पातळ साय. तीच माती ओली करून चिमटीत दाबत पट्टी काढली, ५ सेंमीच्या पुढे गेली तरी तुटेना, म्हणजे चिकणमाती नक्की. अजून खाली करडे आणि तांबूस ठिपके होते, पाणी तुंबून राहतं तिथे हवा पोचत नाही, लोहाचा रंग बदलतो, त्याची ती खूण. मुळं पण बहुतेक सगळी वरच्याच थरात पसरलेली, खाली फक्त ढेकळांच्या फटींतून गेलेली एखाददुसरी.

म्हणूनच झाडं तोडून ही जमीन उघडी टाकली की मला फार वाईट वाटतं. तो वरचा काळा थर दोन-चार जोरदार पावसांत वाहून जाऊ शकतो आणि तो परत तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात. खड्डा बुजवताना थर होते त्याच क्रमाने परत भरले, वर पालापाचोळा पसरला.