ग्रेट शुगरलोफ: ‘अर्ध्या तासाची टेकडी’ आणि तिची शेवटची नाळ

आयर्लंडच्या विकलो काउंटीतील ग्रेट शुगरलोफ या ५०१ मीटर उंचीच्या डोंगराविषयी डब्लिनमध्ये ज्याला विचारावे तो एकच उत्तर देतो: अर्ध्या तासाची चाल आहे, लहान मुलेसुद्धा जातात. यातील एकही शब्द खोटा नाही आणि तरीही इतकी दिशाभूल करणारी माहिती मला त्या संपूर्ण प्रवासात दुसरी कोणी दिली नाही. अर्धा तास लागतो तो खऱ्या चढाच्या तोंडाशी पोहोचायला. मुलेही जातात, परंतु ती खाली कशी येतात हे कोणी सांगत नाही.

डोंगरावर जाण्याच्या नेहमीच्या वाटा दोन. पहिली कॅलरीच्या बाजूच्या वाहनतळावरून निघते. वाहनतळच पुरेसा उंचावर असल्यामुळे या वाटेने चढ जेमतेम २०० मीटरच्या आसपास भरतो आणि बहुतेक मंडळी हीच वाट धरतात. दुसरी वाट किलमॅकॅनोग गावातून वर येते. ती बरीच लांब आणि अधिक चढाची आहे, सुरुवातीला महामार्गावरील वाहनांची घरघर पाठ सोडत नाही. पण ज्यांना डोंगर चढल्यासारखे वाटायला हवे त्यांनी हीच निवडावी. वाहनतळाकडची वाट रुंद, मळलेली आणि दोन्ही बाजूंनी हेदर व काटेरी पिवळ्या गॉर्सच्या झुडपांची आहे. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. नियमित चालणाऱ्याला तिथे धापही लागणार नाही.

शेवटचा टप्पा मात्र दोन्ही वाटांना सारखाच आहे, आणि हा लेख त्या टप्प्यासाठीच लिहीत आहे. माथ्याच्या शंकूखाली पोहोचल्यावर वाट एकाएकी संपते आणि समोर दगडांनी भरलेली एक उभी नाळ, म्हणजे अरुंद घळ, उभी राहते. लांबून पाहणाऱ्यांना हा डोंगर मृत ज्वालामुखी वाटतो. तो तसा नाही. तो क्वार्टझाइटचा, म्हणजे ५० कोटी वर्षांहून जुन्या वाळूच्या थरांपासून बनलेल्या अतिकठीण खडकाचा आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि हा सुळका तेवढा उरला. पुढे हिमयुगातील गोठण्या-वितळण्याने त्याचे तुकडे पडले आणि तोच घसारा आज आपल्या पायाखाली येतो. हे भूगर्भशास्त्र येथे सांगण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सह्याद्रीतील खडबडीत काळ्या कातळावर बुटाची जी पकड मिळते तिच्या भरवशावर येथे पाऊल टाकू नये. या नाळेतील पायऱ्यांसारखे दगड हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झाले आहेत, त्यांच्या कडांना साबणाच्या वडीसारखी चकाकी आली आहे, आणि त्यांच्या मधल्या फटींत अंगठ्याएवढे सुटे खडे साचलेले आहेत, जे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात.

चढताना हात वापरावे लागतात, पण त्यात भीतीदायक असे काही नाही. सह्याद्रीत एखादा सोपा रॉकपॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळटप्पा, केलेल्या माणसाला उलट मजा येईल. उतरताना मात्र चित्र पालटते. माझ्यापुढे एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दगडावर बसून खाली सरकत होते. त्यांच्या बुटाखालून नारळाएवढा एक धोंडा सुटला आणि दोन उड्या घेऊन खालून वर येणाऱ्या तरुणांच्या मधून निघून गेला. कोणाला लागले नाही, हा निव्वळ योगायोग. सुटीच्या दिवशी दुपारी या अरुंद नाळेत चढणारे आणि उतरणारे एकमेकांच्या डोक्यावर असतात, त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: शनिवारी-रविवारी सकाळी लवकर जावे किंवा जाऊच नये. काठ्या नाळेपूर्वीच मिटून पाठपिशवीला बांधाव्यात, कारण तेथे दोन्ही हात मोकळे असणे अधिक मोलाचे आहे. उतरताना घाई करणाऱ्यांना आधी पुढे जाऊ द्यावे. दगड ओले असतील तर नाळेच्या पायथ्यावरूनच परत फिरावे. आणि आयर्लंडमध्ये सकाळी कोरडा असलेला दगड दुपारी कोरडा असेलच असे नाही.

माथा म्हणजे उघड्या खडकाची अरुंद पट्टी आहे. तेथे वारा इतका होता की टोपी हातात धरूनच उभे राहावे लागले, पण डब्लिनचा उपसागर, हौथचे टोक आणि पश्चिमेकडे विकलोच्या डोंगरांच्या एकामागून एक रांगा पाहून खालच्या सर्व कटकटीचा मला पूर्ण विसर पडला. त्या भरात मी बरोबरच्या मंडळींना ‘लहान मुलांनाही आणायला हरकत नाही’ असे सांगितले होते. उतरल्यानंतर ते मत मी मागे घेतले आहे. नाळेत मुलाला सांभाळायला प्रत्येकी एक मोठा माणूस नसेल तर आणू नये.

वाहनतळावर खाण्यापिण्याची सोय नाही, पाणी बरोबर न्यावे. गाडी आणली असल्यास तिच्यात दिसेल असे काहीही ठेवू नये; विकलोतील अशा एकाकी वाहनतळांवर काचा फोडून चोऱ्या होतात, हे तेथील नेहमीचे गिर्यारोहक प्रथम सांगतात. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, परंतु डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात दुपारी निघणे टाळावे. अपघात झाल्यास ११२ किंवा ९९९ वर फोन करून ‘माउंटन रेस्क्यू’ मागावे.

राहिला प्रश्न टॅक्सीचा. ब्रे स्थानकावरून वाहनतळापर्यंत आम्ही टॅक्सी केली. चालकाने मीटर सुरू न करता ठोक रक्कम सांगितली, परतीला त्या आडरानात दुसरी टॅक्सी मिळणार नाही असे सांगून थांबण्याचे पैसे वेगळे लावले आणि शेवटी कार्डाचे यंत्र बिघडले असल्याचे सांगून रोख मागितली. आयर्लंडमध्ये टॅक्सीचे कमाल भाडे सरकारी प्राधिकरण ठरवते, मीटरने होणाऱ्या भाड्यापेक्षा जास्त मागण्याची चालकाला मुभा नाही, आणि सप्टेंबर २०२२ पासून प्रत्येक टॅक्सीत कार्डाने पैसे घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे गाडीत बसण्यापूर्वीच मीटर आणि कार्ड या दोन्हींची विचारणा करावी, उतरताना छापील पावती मागावी आणि टाळाटाळ दिसताच दुसरी टॅक्सी पाहावी. त्याहून चांगले म्हणजे ही भानगडच नको. डब्लिनहून विकलोकडे जाणारी १३३ क्रमांकाची बस किलमॅकॅनोगला थांबते. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे, गावातूनच चढायला लागावे आणि परतीची बस गाठण्यासाठी हाताशी एक तास जादा ठेवावा, कारण तो तास नाळ उतरतानाच खर्ची पडतो.