लूव्रमधली पहिली खोली

पॅरिसचे बाकीचे दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले, आयफेल, नदी, महागडी कॉफी. मला लिहायचंय ते लिओनार्डो दा विंचीला जाऊन ५०० वर्षं झाली म्हणून २०१९ च्या हिवाळ्यात लूव्र संग्रहालयात लागलेल्या प्रदर्शनाबद्दल, आणि त्यातही पहिल्याच खोलीबद्दल.

आत शिरलं की मधोमध त्याच्या गुरूचं, व्हेरोक्कियोचं ब्राँझचं शिल्प, ख्रिस्त आणि संत थॉमस, खास फ्लॉरेन्सहून आणलेलं. अंगावर जड वस्त्रं, त्यांच्या चुण्याच चुण्या. आणि भोवताली लिननवर केलेले छोटे छोटे ड्रेपरी स्टडी, म्हणजे नुसत्या कापडाच्या घड्यांचा सराव म्हणून केलेली चित्रं. एकात तर बसलेल्या माणसाचं डोकं नाही, हात नाहीत, नुसतं मांडीवरून खाली आलेलं कापड, पण गुडघा कुठे टेकलाय, वजन कुठे पडलंय, सगळं दिसतं हो! सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवलंय की लिओनार्डो मातीच्या मूर्ती करायचा, त्यांच्यावर मातीत भिजवलेली फडकी घालायचा आणि मग तलम लिननवर ब्रशच्या टोकाने काळ्या-पांढऱ्यात ते उतरवायचा. फडकं वाळलं की चुणी हलत नाही, म्हणजे उजेड कुठे अडतो ते हवं तितका वेळ बघत बसा. लिननवर आधीच राखाडी रंगाचा थर दिलेला असतो, मधला टोन तिथेच मिळाला, मग खोल घडीत गडद आणि उंचवट्यावर पांढरा, तोही इतका जपून लावलेला की मला त्या एका गुडघ्यासमोरून हलवेना. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रात मागे कापड असायचं, ते आम्ही सगळे शेवटच्या दहा मिनिटांत उरकायचो, निऱ्या काढल्या की झालं. इथे निरी आधी नाहीच, आधी आतलं शरीर आणि त्यावर पडलेला उजेड.

यातले काही लिओनार्डोचे की व्हेरोक्कियोच्या कार्यशाळेतल्या दुसऱ्या कोणाचे, यावर जाणकार अजून भांडतात, मला त्याने काही फरक पडला नाही.

राग आला तो गर्दीचा. वेळेचं तिकीट असूनही आत तुडुंब, आणि लोक या भिंतीवरून नजर फिरवून थेट चेहऱ्यांकडे पळत होते. अरे, पुढे लिओनार्डोच्या संत ॲनच्या (मेरीच्या आईच्या) चित्रात मेरीच्या पायांवरचं निळं वस्त्र आहे, ते बघायला डोळा इथेच तयार होतो! मी मागे फिरून परत पहिल्या खोलीत गेले, धक्के खाल्ले, पण गेले. अशी कामं उजेडाने खराब होतात म्हणून एरवी बंद कपाटात असतात, तेव्हा लूव्र, फ्लॉरेन्सचं उफिझी किंवा ब्रिटिश म्युझियममध्ये कधी बाहेर काढलीयत असं कळलं तर बाकीचा प्लॅन मोडून जा.